ना-हरकतवाले सुधाकरभाऊ

मालेगावच्या आमच्या घरात पुढची खोली सुधाकरभाऊंना भाड्याने दिलेली आहे. या माणसाने विचारल्याशिवाय आजवर काहीही केलेलं नाही. नळाखाली बादली लावायची तरी आईला विचारणार, "काकू, हरकत नाई ना?" एकदा त्यांच्या चपलांवर झोपलेल्या मांजरीलाही त्यांनी हेच विचारलं. ती हलेना, तेव्हा अनवाणी दुकानात गेले.

धंद्याचा गुण, दुसरं काय! पवनचक्क्यांच्या कंपनीसाठी परवानग्या मिळवणं हे त्यांचं काम. ग्रामपंचायत, तहसील, वनखातं, सगळीकडून ना-हरकत दाखला आणायचा. विमानांना अडचण होणार नाही असाही एक लागतो म्हणे. आमच्याकडे विमान दिसलं की पोरं अजून अंगणात धावतात, पण भाऊंनी तोही आणला.

रिठदकडच्या एका ग्रामसभेत एक म्हातारा उठला. "या पंख्यायनं ढगं पळून जातीन. मंग सोयाबीन कायच्या भरोशावर पेरावं?" कंपनीचे साहेब हसले. भाऊ सभा संपल्यावर थेट म्हाताऱ्याच्या घरी चहाला गेले. हरकत घेणाऱ्याच्या घरी चहा, हा त्यांचा नेमच. पुढच्या सभेत मंजुरीसाठी पहिला हात म्हाताऱ्याचाच वर झाला.

"हरकत घेनारा मानूस लाखाचा," भाऊ मला सांगतात. "बाकीचे हात वर करून घरी जातेत. हा आपल्यासाठी थांबते."

भाऊ एकटेच. लग्नाचं काढलं की म्हणतात, "तेवढं इचारायचं राहूनच गेलं."

परवा शेवटचा दाखला हाती आला आणि कंपनीने त्यांना पुढच्या कामासाठी साताऱ्याला बोलावलं. बॅग भरून ते आईसमोर उभे राहिले. आई सुपात तूर पाखडत होती.

"काकू, उद्या निघतो म्हन्तो. हरकत नाई ना?"

"हाये."

"आँ?"

"हरकत हाये म्हन्लं. संध्याकाळी मी कोनासंग बोलू? या माह्या पोराले मोबाईलातून मान वर काढाले फुरसत हाये का?"

भाऊंनी बॅग खाली ठेवली. "काकू, इतकी गावं सोडली. कोनी हरकतच घेतली नाई कधी." मी मोबाईल खिशात टाकला.

त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला. "साहेब, दुसरा मानूस पाहा. इथं हरकत आली हाये, अन् ती काही निघत नाई."

मग बॅग भिंतीशी सरकवून ते आईसमोर खाली बसले.

"चहा ठेवा मंग, काकू."