इनास मास्तरांची शिकवणी

माझ्या धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका इनास मास्तरांनी दहापैकी साडेपाच गुण देऊन परत पाठवली होती. 'आशिर्वाद' लाल पेनाने खोडून 'आशीर्वाद' केलेलं आणि 'आग्रहाचे निमंत्रण' याखाली रेघ मारून समासात शेरा: 'आग्रह दिसत नाही.' लग्नाला मात्र आले. पहिल्या बाकावर बसले, फादरांच्या प्रवचनातल्या दोन चुका मला जेवणाच्या रांगेत सांगितल्या आणि वर दोनदा आइस्क्रीम खाल्लं.

आमच्या सांडोर गावात त्यांच्या लाल पेनातून कुणी सुटलेलं नाही. चर्चचं पत्रक, भाजीवाल्याची पाटी, केळीवर मारायच्या औषधाच्या डब्यावरची सूचना, सगळं तपासून होतं. कुणी वारलं आणि फलक लागला, तर मास्तर आधी 'दुःखद'मधला विसर्ग बघतात आणि मग छातीवर क्रुसाची खूण करतात.

मास्तर आता चौऱ्याऐंशीचे आहेत. इथल्याच मराठी शाळेत त्यांनी गावाच्या दोन पिढ्या बडवल्या. माझं नाव वालेरियन, वय बासष्ट, बँकेतून निवृत्त, दोन नातवंडांचा आजा. पण त्यांच्या लेखी मी अजून 'सतरा' आहे, सातवीतला माझा हजेरीचा नंबर. भर बाजारात "सतरा, बटण" असं ऐकू आलं की माझा हात आपोआप गळ्याशी जातो. आमची भिंतीला भिंत आहे. त्यामुळे हे दिवसातून तीनदा होतं.

यंदा पावसाळा सरल्यावर एका रविवारी फादरांनी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाल्यावर सांगितलं, की मुंबईच्या एका कॉलेजातून काही मुली येणार आहेत. म्हातारपणी माणसाची स्मरणशक्ती कशी राहते, मन कसं राहतं, यावर त्यांचं संशोधन चाललंय. साठीच्या वरच्यांनी सहकार्य करावं. ऐकून बाकांवर नुसती चुळबुळ झाली. आमच्या वयाला हल्ली मधुमेहापेक्षा विसरण्याची धास्ती मोठी. पूर्वी चष्मा सापडेना झाला की माझी बायको करवादायची. आता ती गप्प राहून माझ्याकडे बघते. ते बघणं फार वाईट.

आमच्या वाट्याला श्रुती नावाची मुलगी आली. गोड, शांत, हातात फायली. पहिलं घर मास्तरांचं. मास्तरांनी तिला बसवलं, तिच्या प्रश्नपत्रिकेतल्या तीन चुका दाखवल्या आणि मग उत्तरं दिली. आज वार कोणता? शंभरातून सात वजा करत जा. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. पाच शब्द लक्षात ठेवा: नांगर, मखमल, चावी, पपई, होडी. मग मनाचे प्रश्न: आयुष्याबद्दल समाधानी आहात का, एकटं वाटतं का, आपण कुणाला ओझं आहोत असं वाटतं का.

"किती पडले?" मास्तरांनी विचारलं.

"आजोबा, यात पास-नापास नसतं," श्रुती म्हणाली.

"पास-नापास नसलेली परीक्षा आम्ही पोरांना देऊन बघितली. काय उजेड पडला ते तू बघतेसच." मास्तर म्हणाले. "आणि कागद कुणाला दाखवणार?"

"घरच्यांना हवा असेल तर त्यांना देऊ."

मास्तरांनी लाल पेनाला टोपण लावलं. बायकोला बरं नाही, ताप आहे, तिची परीक्षा पुढच्या खेपेला घे, असं सांगून त्यांनी श्रुतीला वाटेला लावलं. मी कुंपणाशी उभा होतो. मास्तरांची बायको, आमच्या मार्थामावशी, मागच्या पडवीत वाल सोलत बसल्या होत्या. ताप कसला नि काय.

त्याच संध्याकाळपासून मास्तरांनी वर्ग सुरू केला. अख्खी प्रश्नपत्रिका त्यांच्या डोक्यात राहिली होती. त्यांनी ती वहीत उतरवली, ओट्यावर फळा टांगला आणि गल्लीतल्या माझ्यासकट अकरा म्हाताऱ्यांना बोलावणं धाडलं. सगळे आले. न येऊन करतात काय? आमच्या गल्लीत बहुतेक घरांत आता दोन म्हातारी माणसं आणि एक मोबाईल उरलाय. मुलं कॅनडात नाहीतर दुबईत. संध्याकाळी कुणीतरी आपल्याला नावाने हाक मारतंय, मग ती हजेरीची का असेना, याचंच अप्रूप.

"नांगर, मखमल, चावी, पपई, होडी," अकरा जण एका सुरात म्हणायचे. वजाबाकी पाठ झाली. घड्याळ फळ्यावर काढून दिलेलं, ते उतरवून घ्यायचं. 'समाधानी आहात का?' याला मास्तरांनी आदर्श उत्तर लिहून दिलं: 'होय, मी बहुतांशी समाधानी आहे.'

"मास्तर, मी नाय समाधानी," गुडघ्यांनी बेजार झालेला एक जण म्हणाला.

"ते परीक्षेनंतर," मास्तर म्हणाले.

मार्थामावशी मागच्या भिंतीला टेकून बसायच्या. ओठ हलायचे. मध्येच विचारायच्या, "पानी कोनला पाहिजे?" पाणी पिऊन झालं की पुन्हा विचारायच्या. गावभर 'पानी' म्हणणाऱ्याला छडी दाखवणारे मास्तर तेव्हा काही बोलत नसत. पहिल्यांदा मला मौज वाटली. चौथ्या दिवशी तिसऱ्यांदा पाण्याचा तांब्या समोर आला आणि माझ्या लक्षात आलं. हा सगळा वर्ग एकाच विद्यार्थिनीसाठी होता. आम्ही अकरा जण तिच्या भोवतीचा आडोसा होतो.

मी त्यांना एकट्याला गाठून विचारलं. मास्तरांनी आधी फळा पुसला.

"आमचा रॉनल्ड फोनवर म्हणतो, मम्मीच्या टेस्टचा कागद पाठवा, बघून ठरवू. ठरवू म्हणजे काय, सतरा? सिस्टरांच्या वृद्धाश्रमात त्याने विचारून ठेवलंय. म्हणतो, पपा, तुमच्याने होणार नाही. पंचावन्न वर्षं झाली आमच्या लग्नाला. एवढ्या एका पेपरात ती सुटली, की पुढचं मी बघतो."

दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात जरा मोठ्याने म्हणू लागलो, एवढंच.

श्रुती महिन्याने आली. अकराही जणांनी सात-सात वजा करत शंभराला न थांबता शून्याच्या दाराशी नेऊन सोडलं. सगळ्यांची घड्याळं सारखी, मोठा काटा सगळ्यांचा मास्तरांसारखा जरा वाकडा. आणि झाडून सगळे बहुतांशी समाधानी. मावशींचा नंबर यायच्या आधीच तिने कपाळाला हात लावून कागद आवरले. बिचारीचं महिन्याचं काम आम्ही धुळीला मिळवलं होतं. पण पोरगी चिवट. आठवड्याने नवे कागद घेऊन परत आली. या वेळी शब्द वेगळे, वजाबाकी वेगळी. आणि पहिलं नाव मार्थामावशींचं.

मास्तरांनी मला बोलावून घेतलं. मावशींना ठेवणीतलं लुगडं नेसवलं होतं, केसांत अबोलीची वेणी होती. मास्तर शेजारच्या खुर्चीवर वही घेऊन बसले होते.

"आजी, मी पाच शब्द सांगते, मग तुम्ही सांगा," श्रुती म्हणाली. "पोपट, लोकर, खिडकी..."

"नांगर, मखमल, चावी, पपई, होडी," मावशी म्हणाल्या. स्पष्ट, एकही न गाळता. महिनाभराच्या घोकंपट्टीनंतर.

"आज वार कोणता?"

"अकरा वाजून धा मिन्टं."

"तुमच्या घरात कोण कोण असतं?"

"होय, मी बहुतांशी समाधानी आहे."

एरवी मी खोखो हसलो असतो. श्रुतीने कागद मिटला. तिला दया आली असावी. सहज बोलावं तसं तिने मास्तरांकडे बोट दाखवून विचारलं, "आजी, हे कोण आहेत?"

हे काही वहीत नव्हतं. मावशींनी मास्तरांकडे नीट पाहिलं आणि ओळखीचं हसल्या.

"मास्तर."

मी श्वास सोडला. सगळं गाव त्यांना मास्तरच म्हणतं.

"तुमचे कोण लागतात?"

"लागत कोन नाय. शिकवायला येतात." मग आवाज खाली आणून श्रुतीला म्हणाल्या, "चांगले आहेत. मारत नाय."

मास्तर उठले आणि स्वयंपाकघरात गेले. भांडं पडल्याचा आवाज आला, ते उचलल्याचा आला नाही. मी आत गेलो नाही.

कागद गेला. खरा होता तोच गेला, श्रुती खोटं कसं लिहिणार? रॉनल्डचा मला फोन आला. "वालूकाका, खरं सांग. मम्मी पपांना ओळखते का?"

मी म्हटलं, "ओळखते."

"नक्की?"

"रोज वाट बघते त्यांची," मी म्हणालो. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तो म्हणाला, नाताळला आल्यावर बघू. तेवढी मुदत मिळाली.

वाट बघते हे मी माझ्या खिडकीतून रोज पाहतो. चार वाजत आले की मावशी केस सारखे करून पुढच्या खोलीत बसतात. मास्तर शर्ट बदलतात, मागच्या दाराने बाहेर पडतात, केळींच्या कडेने वळसा घालून पुढे येतात आणि स्वतःच्या घराची कडी वाजवतात. चप्पल बाहेर काढतात. पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसतात. अर्धा तास ते काहीबाही शिकवतात. महिन्यांची नावं, बाराचा पाढा, कधी तिच्याच माहेरच्या माणसांची नावं. चुकलं तरी चालतं. बाकीचा दिवस घरात वावरणारा म्हातारा कोण, ते ती विचारत नाही. त्याने दिलेलं जेवण जेवते.

काल मी केळीचा घड द्यायला गेलो, तेव्हा शिकवणी संपत आली होती. मास्तर उठले. मावशी त्यांना सोडायला उंबऱ्यापर्यंत आल्या.

"उद्या या हां, मास्तर," त्या म्हणाल्या. "इथे दुसरं कोन येत नाय."

"येईन," मास्तर म्हणाले. त्यांनी चप्पल घातली, माझ्याकडे न बघता ओटा उतरले आणि केळींना वळसा घालून मागच्या दाराने तिचा चहा ठेवायला घरात गेले.