गोविंदभाऊजींच्या पोटातली गाडी

शेजारच्या गोविंदभाऊजींचं पोट दुखत नाही, पोटातून गाडी जाते. जन्मभर ते आमच्या सौसरच्या रस्त्यावर बसचे कंडक्टर होते. सकाळी मी चहा ठेवला की दारात उभे.

"वयनी, मुरडा रामाकोन्याहून निघाला. सौसरले घडीभर थांबला. आता बोरगावकडे जाऊन राहिला."

हा माणूस आजारी आहे की ड्युटीवर, मला कळेना. शेवटी त्यांनीच बोट लावून दाखवलं. छातीखाली रामाकोना, बेंबी म्हणजे सौसर, उजवीकडे खाली बोरगाव. दुसऱ्या दिवशी मी विसरले.

"ओवा खा," मी म्हणायची.

"ओव्यानं गाडी फास्ट होते जी."

वैतागून एकदा त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, आतडं म्हणजे नळी. अन्न, गॅस पुढे ढकलायला ती आवळते. जोरात आवळली की मुरडा. असा फिरता मुरडा बहुतेक आपोआप जातो. पण दुखणं एका जागी ठाण मांडून बसलं, वाढत गेलं, ताप-उलटी आली, तर घरी थांबायचं नाही.

बाहेर येऊन भाऊजी म्हणाले, "म्हंजे गाडी चालू राहिली तं बरं, नाही का?"

हे बरोबर की चूक, यातच मी घरापर्यंत अडकले.

मग एका सकाळी चहा उकळून गेला तरी दार रिकामं. जाऊन पाहते तर भाऊजी खाटेवर, गुडघे पोटाशी.

"रात्री सौसरले होती. आता बोरगावले उभी हाय. हलूनच नाही राहिली, वयनी."

अंग तापलेलं. या वेळी मला पत्ता लगेच कळला. ऑटो बोलावला.

"आधी ओवा..."

"गप बसा."

अपेंडिक्स होतं. ऑपरेशन वेळेवर झालं.

घरी आल्यावर मी वरण-भात घेऊन गेले. ते पट्टीकडे बघत बसले होते.

"बोरगावचा स्टॉपच काढून टाकला जी." मग भात कालवत म्हणाले, "कोण कुठं चढलं, कोण कुठं उतरलं, घरी येऊन बायकोले सारं सांगत होतो. ती गेली, मंग हे पोटच राहिलं. आता गाडी बंद झाली तं सकाळी तुमच्याकडे काय सांगाले येऊ?"

"चहा प्याले या. पोट घरी ठेवून या."

ते गोंधळले. "पण बोलू काय?"

"नका बोलू. माहे गुडघे दुखतेत, ते ऐका."