चार लखलखीत आणि एक हट्टी

"दोन नंबरचा लेप वीस वर्षं हलणार नाही! लिहून ठेव!" ज्ञानदाने नवऱ्याला छातीठोकपणे सांगितलं. "उद्या पुण्याचे परीक्षक कॉलेजात पत्रे बघायला येणार आहेत. बघशील!"

विश्रामबागेतल्या त्यांच्या गच्चीवर तांब्याचे पाच पत्रे वर्षभर ऊनपाऊस खात पडले होते. प्रत्येकावर वेगळा काळा लेप, ऊन पिऊन सोलरचं पाणी तापवणारा. लेप टिकला तर ज्ञानदाचं संशोधन तरणार, नाहीतर कॉलेजातलं काम बंद!

सकाळी ती गच्चीवर गेली आणि किंचाळलीच. चार पत्रे देवघरातल्या ताम्हनासारखे लखलखत होते! सासूबाई, प्रमोदिनीबाई, पदर खोचून पाचव्याशी झुंजत होत्या.

"आई! हे काय केलंत?"

"अगं, पाहुणे बघायला येणार ना? असलं काजळलेलं तांबं दाखवतात का कुणाला! चिंच-मीठ लावलं."

"दोन नंबरचासुद्धा?"

"तो तर पहिल्या हातालाच निघाला. भलता गुणी!"

ज्ञानदाने दोन नंबरचा पत्रा उलटसुलट करून पाहिला. तिचा लाडका लेप दुधावरच्या सायीसारखा निघून गेला होता!

"हा एक मेला ऐकत नाही. म्हणून सुभेदारांना बोलावलंय."

शेजारचे निवृत्त सुभेदार उदयसिंह, मूळचे कडेगावचे, विटेची भुकटी नि बुटाचा ब्रश घेऊन हजर झालेच. "सरका वहिनी! बर्फाचं डोंगर फोडल्यात आमी. ह्यो पत्रा काय चीज हाय!"

सुभेदार घामाघूम झाले. ब्रशाचे केस गळाले. पत्रा मात्र म्हशीच्या पाठीसारखा काळाच्या काळा!

"न्हाई निघत, पोरी," ते धापा टाकत म्हणाले. "पलटणीची इज्जत गेली बग!"

ज्ञानदाने डोळे पुसत पत्र्याला बोट लावलं आणि चटकाच बसला. कोवळ्या उन्हात! उरल्यासुरल्या मसाल्यातून केलेला पाचवा लेप! तिने पत्रा ओढणीत गुंडाळला आणि कॉलेज गाठलं.

"घासून पाहिलंत का? कशाने?" परीक्षकांनी विचारलं.

"चिंच, मीठ, विटेची भुकटी आणि एक सुभेदार!"

परीक्षक हसले. मग त्यांनी यंत्रावर पत्रा घासला, तापवला, पुन्हा घासला आणि काम पुढे चालू ठेवायला मंजुरी दिली.

संध्याकाळी सुभेदारांच्या हातावर पेढा ठेवून ज्ञानदा सासूबाईंच्या पाया पडली. "आई, तुम्ही नसता तर मी दोन नंबरचाच मिरवत गेले असते. उपकार कसे फेडू?"

प्रमोदिनीबाई खांद्याला बाम चोळत होत्या.

"फेडायचेच असतील तर पुढच्या वेळी इतका चिवट लेप लावू नकोस," त्या म्हणाल्या. "घासणाऱ्याचाही विचार करावा गं माणसानं!"