द्वारकेच्या दारात वास्तववाद

या, सतरंजीवर अजून जागा आहे, पुढे सरकून बसा; हणमंतबुवांच्या सुदाम्याचे काय झाले ते सांगतो. साहित्याने समाजाच्या उपयोगी पडावे, याबद्दल कुणाचे दुमत नाही. अडचण एवढीच की आपल्या उपयोगाचे काय ते समाजाला कळत नाही, म्हणून समिती नेमावी लागते.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचे राज्य गेले, जहागिरी गेल्या, आणि त्याच उत्साहात सुलतान बाजारच्या एका देवळातले कीर्तन वास्तववादाच्या ताब्यात आले. मुकुंदराव वकील विश्वस्त झाले होते. माणूस सज्जन. (शेतमजुरांवर त्यांची इतकी श्रद्धा होती की ती ढळू नये म्हणून ते शहराबाहेर जात नसत.)

बुवांचे सुदामाचरित्र मुकुंदरावांच्या समितीने तपासायला घेतले. पात्र प्रातिनिधिक हवे, असे शास्त्र आहे. बेगम बाजारातल्या चाळीस हमालांना विचारले, तुमचा कुणी बालमित्र राजा आहे का? एकोणचाळीस नाही म्हणाले. चाळिसावा म्हणाला, "कायकू, कुछ काम था क्या?" (हे उत्तर बाद धरले.) सबब कृष्ण वगळण्यात आला. सोन्याची नगरी म्हणजे जहागीरदारी कृपेचा प्रचार, तीही गेली. पोहे राहिले, कारण पोह्यांत श्रम असतात.

"मग उरलं काय, वकीलसाहेब?" बुवांनी विचारले.

"वास्तव. सुदामा देवडीपर्यंत जाईल, दरवान अडवील, सुदामा परत फिरेल. ऐकणाऱ्याला राग येईल. रागानं समाज बदलतो, बुवा."

पटत नसेल तर दुसरा कीर्तनकार पाहू, असेही ते गोड आवाजात म्हणाले. बुवांनी जन्मभर सुदाम्याला हात धरून आत नेले होते. त्यातून मलकपेठच्या मालनबाई, दम्याने पार खंगलेल्या, टांग्यातून येणार होत्या. एवढा सुदामा ऐकते आन् मग जाते, असे त्यांनी सुनेला बजावले होते. कुठे, ते सुनेने विचारले नव्हते.

पूर्वरंग झाला, बुक्का लागला, बुवांच्या गळ्यात हार पडला. उत्तररंगात सुदामा देवडीशी आला. दरवानाने अडवले. परत फिर म्हणायला बुवांची जीभ रेटेना. ते नुसते उभे राहिले.

समितीने टाळ्या वाजवल्या. राग मात्र कुणालाच आला नाही; लोकांना वाटले, बुवांना ठसका लागला. कथा पुरी झाल्याखेरीज आरती नाही आणि आरतीखेरीज उठणे नाही, हा देवळाचा रिवाज विश्वस्तांनाही लागू होता. सगळे बसून राहिले.

शेवटी मालनबाई म्हणाल्या, "बुवा, लेकरू किती वेळ उभं ठेवता? आत घ्या की त्याला."

बुवांनी मुकुंदरावांकडे पाहिले. समितीने बसल्या जागी डोकी एकत्र केली. कृष्णाला दार उघडता येणार नाही, हे पक्के होते. पण दरवान हा श्रमिक आहे. एका श्रमिकाने दुसऱ्यासाठी दार उघडणे सिद्धान्तात बसते. ठराव एकमताने झाला.

मग काय! दरवानाने दार उघडले, सुदाम्याला कवटाळले, त्याचे पाय धुतले, काखेतली पुरचुंडी ओढून पोहे खाल्ले. सारे देऊळ रडले. मुकुंदरावांनी चष्मा पुसला. (दमट हवेने काचा धुरकटतात.)

"या खेपेला देव दरवान होऊन आला गं," मालनबाई सुनेला म्हणाल्या आणि आरतीला हात जोडून बसल्या.

वास्तववादाचा संपूर्ण विजय झाल्याचे समितीने जाहीर केले. मालकाला न विचारता दार उघडणाऱ्या आणि पाहुण्याचे पोहे खाणाऱ्या दरवानाची नोकरी दुसऱ्या दिवशी राहिली का, हे समितीने विचारले नाही. बुवांनी विचारले नाही. सुदामा आत गेला तसे तुम्हीही सुटकेचा निःश्वास टाकून मोकळे झालात. असो. घरी जाताना त्या दरवानाची तेवढी आठवण असू द्या.