दाराबाहेरची थैली

शुद्धलेखन चुकेल, अक्षर तर कोंबडीनं उकरल्यासारखं. चौथीत शाळा सुटली, माफ करा. पण तात्या परब मला पाठ आहेत, तिथं चूक व्हायची नाही.

तात्या अंधेरीत एका बंद दारासमोर नागवी तलवार घेऊन उभे राहतात. दार फ्रीमेसन नावाच्या गुप्त मंडळाच्या लॉजचं, म्हणजे त्यांच्या सभेच्या हॉलचं. महिन्यातल्या एका शनिवारी सूटवाले साहेब आत सभा भरवतात. बाहेरच्यानं आत डोकावू नये म्हणून तात्यांचा पहारा. गोऱ्या साहेबांच्या काळापासूनची रीत. तलवारीला धार नाही. तिची पितळी मूठ मीच चिंचेनं घासते.

मी तिथं झाडलोट करते. हॉल रिकामा असला तरी तीनदा टकटक केल्याशिवाय तात्या सोडत नाहीत.

“कोण आसा?”

“मी, सुमन. फरशी पुसायला.”

“मोठ्यान सांग गो. तलवारीक ऐकाक येवक व्हया.”

माझा आवाज मुळात घशातच राहतो. तात्यांमुळे तो जरा बाहेर पडायला शिकला.

“आत काय चालतं हो?”

“गुपित म्हणजे गुपित.”

“काळीपांढरी फरशी, पूर्वेला मोठी खुर्ची. मीच पुसते की.”

“पुसतंस ती फरशी. गुपित नाय.”

एवढं मात्र सांगितलं, की आत दानाची थैली फिरते. हात मूठ करून आत घालायचा, उघडा बाहेर काढायचा. कुणी किती टाकले, कुणी टाकलेच नाहीत, कुणाला कळता कामा नये.

सभेनंतर जेवण. ताटं मी उचलते. तिथं शेवटचा पेला उचलून शुभेच्छा द्यायचा मान दारवानाचा, म्हणजे तात्यांचा, हीही रीतच. सभासद एकमेकांना भाऊ म्हणतात. अडचणीतल्या भावांचं दुःख सरो, ज्याला वाटेल त्याला सुखरूप घरी परतता येवो, असं तात्या म्हणतात. म्हणताना खिशातली मालवणच्या बंद घराची किल्ली चाचपतात.

माझ्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाला सहा हजार कमी पडले. मी कुणाला बोलले नव्हते. तात्यांनी कसं ओळखलं कोण जाणे, हातात पाकीट दिलं. “लॉजच्या थैलीतले. जमतील तसे परत घाल.”

दर सभेला मी तीनशे आणायची. दाराबाहेर खिळ्याला निळी मखमली थैली टांगलेली असायची. मी मूठ घातली की तात्या भिंतीकडे तोंड करायचे.

विसाव्या सभेला सेक्रेटरी साहेब लवकर आले. खिळ्याकडे बघून हसले. “तात्या, ही जुनी अजून फेकली नाहीत? आत नवी येऊन पाच वर्षं झाली.”

ते आत गेले. मी तिथंच उभी. म्हणजे लॉजनं मला पैसे दिलेच नव्हते.

“तात्या, ते पैसे कुणाचे होते?” आज आवाज आपोआप मोठा निघाला.

तात्यांनी तलवार सरळ केली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. “गुपित म्हणजे गुपित, बाय.”

मी मूठ आत घातली. हाताला नोटांची जाड गड्डी लागली. एकोणीस महिन्यांची, एकही नोट हललेली नव्हती. शेवटचे तीनशे तिच्यावर ठेवले आणि हात उघडा बाहेर काढला.

पैसे फिटले.