धोंडीबाभाऊंची गुंडाळी

एका भल्या माणसाचं मी भर मांडवात हसं केलं आणि त्याबद्दल मला टाळ्या मिळाल्या. त्या वाजल्या नसत्या तर माझी चूक मला कदाचित त्याच दिवशी कळली असती.

तो माणूस म्हणजे धोंडीबाभाऊ. गाव टाकवे बुद्रुक, नोकरी लोणावळा स्टेशनात रुळांचे सांधे बदलणाऱ्या सांधेवाल्याची. मी तिथेच तिकीटखिडकीवर कारकून. घाटात विजेची इंजिनं नुकतीच धावू लागली होती. रेल्वेच्या चाळीत आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून होत्या.

सगळं जग भाकरी मोडून खातं. धोंडीबाभाऊ भाकरी गुंडाळत. भाकरी पसरायची, मधोमध सुकटीची चटणी नाहीतर घट्ट पिठलं ठेवायचं, खालची कड वर दुमडायची, दोन्ही बाजू आत घ्यायच्या आणि मग सुरळी करायची. खालच्या अर्ध्याला पळसाचं पान. हे सगळं इतक्या गंभीरपणे, की बघणाऱ्याला वाटावं, सुरळी चुकली तर मेलगाडी रुळावरून घसरेल.

"आधी बूड झाकायचं, अण्णा," ते मला सांगत. "बूड उघडं ऱ्हायलं की समदा संसार गळतो."

'बूड झाकलं का?' हा त्यांचा जगाला विचारायचा प्रश्न होता. पिंप भरलं, बूड झाकलं का? ट्रंक बांधली, बूड झाकलं का? एकदा नवे स्टेशनमास्तर पार्सलांची पाहणी करत होते. एका टोपलीतून आंबे डोकावत होते. धोंडीबाभाऊंनी अदबीनं विचारलं, "सायेब, बूड झाकलं न्हवं?" साहेबांचा हात आधी आपल्या पाटलोणीच्या मागे गेला, मग टोपलीकडे.

भाकरीही त्यांना कुठलीही चालत नसे. "बाजरीची भाकरी अभिमानी. मोडंल, पन वाकायची न्हाई. तांदळाची शानी." म्हणून तांदळाचीच, आणि तीही उकड काढून, स्वतःच्या हातानं थापलेली. तव्यावरून उतरली की ओल्या फडक्याखाली. सकाळी चाळीतल्या बायका नळावर जमत तेव्हा हा मिशाळ गडी चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत असे. वर मोठ्यानं म्हणे, "आमच्या मंडळीला ह्यातलं काय बी कळत न्हाई!"

मंडळी, म्हणजे पारूवहिनी, दारात उभ्या असत. हात कायम पदराखाली. लोणावळ्याच्या गारठ्यात त्याचं कुणाला काही वाटत नसे. माझी बायको मात्र हळहळे. "काय मेला हेकट नवरा! बायकोला चुलीशीसुद्धा बसू देत नाही."

चाळीत सत्यनारायण असो की बारसं, पंगतीला जिलबी असो की श्रीखंड, धोंडीबाभाऊ आपली भाकऱ्यांची टोपली घेऊन हजर. पानावरची बटाट्याची भाजी आणि चटणी घालून ते भराभर सुरळ्या करत आणि पंगतीभर वाटत सुटत. बायकांच्या पंगतीतही शिरत. "घे गं म्हातारे, दात न्हाईत न्हवं तुला? तू घे. तू बी घे गं पारू, बघत काय बसलीस?" बायका तोंडाला पदर लावून हसत आणि खातही.

त्या काळी गणपतीत मेळे निघत. आमच्या चाळीच्या मेळ्याची पदं मी लिहीत असे. त्या वर्षी विषय सुचेना, तेव्हा भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज आला. मला विषय मिळाला. मिशा लावून, डोक्याला मुंडासं बांधून मी स्वतःच मंचावर उभा राहिलो, एक अख्खी सतरंजी भाकरी म्हणून अंथरली आणि गायलो:

भाकरी गुंडाळी, भाजी गुंडाळी,
लाजही बाबानं गुंडाळून ठेवली!

मागून सगळी पोरं ओरडली, "बूड झाकलं का?" मांडव कोसळायचा बाकी राहिला. धोंडीबाभाऊ पहिल्या रांगेत होते. तेही हसले. टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, चला, माणूस दिलदार आहे.

पुढच्या पूजेला धोंडीबाभाऊ टोपली न घेता आले. आल्या आल्या कुणीतरी ओरडलं, "काय भाऊ, आज लाज घरीच गुंडाळून ठेवली काय?" ते नुसते हसले आणि मान खाली घालून पुरुषांच्या पंगतीत जेवले. पलीकडे बायकांच्या पंगतीत काय झालं ते मला घरी आल्यावर बायकोनं सांगितलं.

पारूवहिनी पानापुढे बसून राहिल्या होत्या, हात पदराखाली. सगळ्यांनी आग्रह केला, "अहो, घ्या ना!" शेवटी त्यांनी वरणभाताचा घास उचलला. हात असा थरथरला की तोंडापर्यंत एक शीतही पोचलं नाही. वरण नव्या लुगड्यावर सांडलं. कुणीतरी पोरगी फिस्सकन हसली. वहिनी उठून गेल्या.

"मोठ्या तापानंतर हातांना कंप सुटला म्हणे," माझी बायको म्हणाली. "म्हणून भाकरी ते थापायचे, आणि तिच्या हातून सांडू नये म्हणून गुंडाळायचे. सगळ्यांना सुरळ्या वाटायचे ते तिची एक सुरळी त्यात खपून जावी म्हणून. तुमच्या पदानंतर सुरळी दिसली की लोक हसणार, म्हणून वहिनींनीच टोपली नको म्हटलं. आणि मी मेली त्यांनाच हेकट म्हणत होते." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "जा, माफी मागून या."

मी म्हटलं, उद्या जातो.

गेलो नाही. ज्या पदाबद्दल लोक अजून पाठ थोपटत होते, त्याचीच माफी मागायला जीभ रेटेना. पारूवहिनी पुन्हा कुणाच्या घरी जेवायला आल्या नाहीत, हळदीकुंकवालासुद्धा नाही. धोंडीबाभाऊ मला पूर्वीसारखेच "काय अण्णा, बरं हाय न्हवं?" म्हणत. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मी त्यांना चुकवण्यासाठी पूल ओलांडून पलीकडच्या फलाटावरून घरी जाऊ लागलो. सात-आठ वर्षांनी ते नोकरीतून सुटले आणि टाकव्याला निघून गेले. निरोपालाही मी ड्यूटीचं निमित्त सांगितलं.

अखेर गेल्या भातकापणीत टाकव्याला गेलो. धोंडीबाभाऊ अंगणात पेंढ्या रचत होते. त्यांना दिसायला कमी झालं होतं, पण माझ्या हाकेवरून ओळखलं.

"अण्णा! आरं, वाट चुकलास व्हय?"

"भाऊ, ते मेळ्यातलं पद..."

"लय झ्याक व्हतं की! म्या बी हसलो."

"माफी मागायला आलोय."

त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. "मला कशाला? माझी लाज कुटं गेलती? म्या ती कवाच सोडली व्हती, हिची ऱ्हावी म्हनून." आणि त्यांनी दाराकडे बोट केलं. "तितं बोल."

पारूवहिनी उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. मला पाहून त्यांनी हात पदराखाली घेतले.

"बसा, भावजी," त्या म्हणाल्या. "च्या घेनार?"

मी बसलो नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "चार बायकांत बसून तुम्ही सुखानं जेवत होतात. ते माझ्यामुळे बंद झालं. मला त्या पूजेच्या दिवशीच कळलं होतं, आणि तरी मी आलो नाही. माझं चुकलं. मला माफ करा."