अत्तार गल्लीचं स्थळ

अत्तार गल्लीला नव्या बायपासचं स्थळ सांगून आलं. मुलगा वयानं लहान होता, पण चांगला रुंद आणि हमरस्त्याच्या घराण्यातला. गल्लीत वयानं सर्वांत थोर हमीदाबी, त्यामुळे मुलीकडची बोलणी त्यांनीच करायची ठरलं.

मुलाकडून रस्ते खात्याचे लोकरेसाहेब आले. कांदेपोहे झाले.

"मुलगी फारच शांत वाटते," ते म्हणाले. "काही दोष?"

"दोष कसला? राबून दमलीय," हमीदाबी म्हणाल्या. "पूर्वी हिच्यात गुलाबाच्या गाड्या उतरायच्या. अंगाला वास लागावा म्हणून वराती वाट वाकडी करून हिच्यातनं जायच्या. प्लेगात माणसं रानात राहायला गेली, तेव्हा हिनं एकटीनं घरं सांभाळली. पुढं कारखान्याच्या बाटल्या आल्या, अत्तराच्या भट्ट्या विझल्या. तेव्हापासनं गप्प असते."

"आधी कुठं जमलं होतं?"

"स्टेशनरोडशी. त्यानं आगगाडी बघितली आणि फिरला."

लोकरेसाहेबांना हा प्रामाणिकपणा आवडला. वैशाखात लग्न उरकून मुलीला गावाबाहेर सासरी न्यायचं, असं ते म्हणाले. घरं माहेरीच राहतील.

हमीदाबी पायरीवर बसल्या आणि त्यांनी फरशीवर हात ठेवला. "बाई, तुझ्या मनात काय आहे?"

"मी गेले तर तुमची दारं कुणावर उघडायची?" गल्ली हळूच म्हणाली.

हमीदाबींनी डोळे पुसले. "साहेब, मुलाला घरजावई म्हणून पाठवा."

लोकरेसाहेबांनी टेप लावून बघितला. बायपासचा नुसता खांदाही गल्लीत मावेना. बोलणी गोडीनं मोडली.

ते गेल्यावर गल्ली लाजत म्हणाली, "नदीकडचा बोळ आहे ना..."

"तो? कोपऱ्यावर भिंतीला टेकून उभा असतो तो?"

"दोनशे वर्षं."

"अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही."

मुलगा अरुंद होता, पण निर्व्यसनी. मधली पडकी भिंत काढून लग्न लावलं. हमीदाबींनी जपून ठेवलेली गुलाबाच्या अत्तराची कुपी आहेर म्हणून फरशीवर ओतली. बोळ गल्लीतच राहायला आला, आणि सकाळी नदीवरचा वारा सरळ चुलीपर्यंत यायला लागला.

पुढच्या चैत्रात हमीदाबींच्या परसात वीतभर रुंदीची एक पाऊलवाट दिसली. हमीदाबींनी धुण्याचा दगड बाजूला सरकवला, नाव काय ठेवायचं ते बाराव्या दिवशी बघू म्हणाल्या, आणि घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले.